फियाट 1100 आली, तेव्हा वालचंदशेठ नव्हते

जुन्या गाड्यांचा विषय निघाला की बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, बोलणं फिरून फिरून फियाटवर येतंच. कुणाच्या आजोबांकडे ‘डुक्कर फियाट’ होती. कुणी मामाच्या डिलाईटवर क्लच सोडायला शिकलं. कुणाची वरात पद्मिनीतून निघाली. पुढं बाकासारखं सलग सीट, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा, थंडीत सकाळी ओढायचा चोक, हे ज्यांनी अनुभवलं त्यांना आजही त्या गाडीचा आवाज ओळखू येतो.

ही गाडी मुंबईच्या कुर्ल्यात तयार व्हायची, हेही बऱ्याच जणांना माहीत आहे. पण कुर्ल्यात मोटारीचा कारखाना उभा राहावा म्हणून एका माणसानं सरकारशी वर्षानुवर्षं झुंज घेतली, हे मात्र मागं पडलं. तो माणूस म्हणजे सोलापूरचे वालचंद हिराचंद.

वालचंदशेठचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घराणं गुजराती जैन, दोशी आडनावाचं, पण पुरतं सोलापूरचं झालेलं. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. सोलापुरात शाळा, मग मुंबईचं सेंट झेवियर्स आणि पुण्याचं डेक्कन कॉलेज अशी वाट धरली खरी, पण शिक्षण अर्धवट राहिलं. घरच्या पेढीत काही त्यांचा जीव रमेना.

रेल्वेतली कारकुनी सोडून कंत्राटदारीत उतरलेले लक्ष्मण बळवंत फाटक त्यांना भेटले आणि दोघांनी भागीदारी केली. कामाची माहिती फाटकांची, भांडवलाची जुळवाजुळव वालचंदांची. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या गाडीचा रस्ता बांधण्याच्या कामापासून सुरुवात झाली. पुढं भोर घाटातल्या बोगद्यांपर्यंत मजल गेली. मोठं यंत्र, मोठं काम आणि मोठी जोखीम याची चटक त्यांना तिथंच लागली.

1919 मध्ये त्यांनी जहाजात उडी घेतली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलं गेलं होतं आणि आता विक्रीला निघालं होतं. वालचंदशेठ, नरोत्तम मोरारजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घेतलं. कंपनीला नावही ग्वाल्हेरच्या घराण्याचंच दिलं : सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघालं. देशात 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस पाळतात, तो याच प्रवासाच्या आठवणीनं.

प्रवास गाजला, पण धंदा सोपा नव्हता. समुद्रावर इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी होती. नवा कुणी आला की त्या भाडं इतकं पाडायच्या की समोरच्याचं कंबरडं मोडावं. ‘लॉयल्टी’ 1923 मध्ये भंगारात गेलं. कंपनी मात्र टिकली, कारण वालचंदशेठ मागं हटले नाहीत. या लढाईत त्यांना एक गोष्ट पक्की कळली. माल आपला, गिऱ्हाईक आपलं, पण वाहन परक्याचं असेल तर भाव तोच ठरवतो.

मोटारीच्या बाबतीतही हेच चाललं होतं. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना 1928 पासून होता. फोर्डचीही जोडणी इथं चालायची. सुटे भाग खोक्यांतून यायचे, इथले कामगार ते जोडायचे आणि गाडी विकली जायची. गाडी बनवण्याची विद्या मात्र बोटीतून कधीच उतरत नव्हती.

ती विद्या इथं आणायची, हा ध्यास आणखी एका माणसानं घेतला होता. म्हैसूरचे दिवाण राहिलेले, पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. बेळगावच्या तंत्रज्ञान विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे, तेच. 1930 च्या दशकात उतारवयातही अमेरिका आणि युरोपातले कारखाने पाहून त्यांनी मोटार कारखान्याची योजना तयार केली. ती उचलून धरणाऱ्यांत वालचंदशेठ पुढं होते. मुंबई प्रांतात खेर मंत्रिमंडळ असताना सरकारही अनुकूल होतं. पण 1939 मध्ये मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि योजना लटकली.

वालचंदशेठ त्याच वर्षी अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही. शेवटी क्रायस्लर कंपनीशी जुळलं आणि 1940 मध्ये करार झाला. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. दिल्लीच्या सरकारनं मोटार कारखाना हे युद्धाच्या गरजेचं काम मानलंच नाही. यंत्रं आणायची तर डॉलर हवेत, आणि ते मिळेनात. सैन्याला हजारोंनी गाड्या लागत होत्या, तरी त्या इथं बनवू द्यायला सरकार राजी नव्हतं.

त्याच अमेरिका दौऱ्याहून परतताना विमानात त्यांची गाठ विमान उद्योगातल्या विल्यम पॉली यांच्याशी पडली. त्या ओळखीतून थेट विमानाचा कारखानाच निघाला. म्हैसूर संस्थानानं साथ दिली आणि डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. 1941 मध्ये तिथं जोडलेलं पहिलं विमान उडालं. त्याच वर्षी जूनमध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली.

विमान झालं, जहाजाचा पाया घातला गेला, आणि मोटारीला मात्र परवानगी नाही! पुढं विमान कारखानाही त्यांच्या हातून गेला. जपान दाराशी आल्यावर 1942 मध्ये सरकारनं तो ताब्यात घेतला. आज आपण ज्याला एचएएल म्हणतो, तो हाच.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स अखेर 1944 मध्ये स्थापन झाली. तोवर बिर्लांची हिंदुस्तान मोटर्सही निघाली होती. 1947 मध्ये कुर्ल्यातून क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या आणि ट्रक बाहेर पडू लागले. सुरुवात जोडणीपासूनच झाली, हे खरं. वालचंदशेठवर टीका करणारे यावर बोट ठेवतात आणि ते चूक नाही. पण फरक हेतूचा होता. इथं जोडता जोडता एकेक भाग आपला करायचा, असं ठरवून हा कारखाना काढला होता.

त्या मोठ्या अमेरिकन गाड्या श्रीमंतांच्या होत्या. मध्यमवर्गाला परवडेल अशी लहान गाडी हवी, म्हणून प्रीमियरनं इटलीच्या फियाटशी हात मिळवला. आधी चिमुकली फियाट 500 आली. खरी लोकांची झालेली फियाट 1100 यायला अजून थोडा अवकाश होता.

तो अवकाश वालचंदशेठना मिळाला नाही. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. कारभार भावांकडे गेला. विशाखापट्टणमचा जहाज कारखानाही 1952 मध्ये सरकारच्या हाती आला. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातेत सिद्धपूर इथं वालचंदशेठ गेले.

नंतरच्या दोन वर्षांत सगळं बदललं. सरकारनं 1953 मध्ये धोरण आखलं : इथं गाडी बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं, नुसती जोडणी चालणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्सनं गाशा गुंडाळला. ज्या गोष्टीसाठी वालचंदशेठ पंधरा वर्षं दारं ठोठावत होते, ती आता देशाचं धोरण झाली होती. 1954 मध्ये कुर्ल्याची फियाट 1100 रस्त्यावर आली. तिच्या पुढच्या नाकाडामुळं लोकांनीच तिला ‘डुक्कर’ म्हणायला सुरुवात केली.

पुढची गोष्ट सगळी गोड नाही. स्पर्धा नसल्यानं गाडी फारशी सुधारली नाही. 1089 सीसीचं तेच इंजिन डिलाईटमध्ये आणि पुढं 1970 च्या दशकातल्या पद्मिनीतही राहिलं. गिऱ्हाईकाला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. मारुती आल्यावर पद्मिनीचे दिवस भरत गेले. वालचंदशेठ असते तर गाडी अशी एका जागी थांबली असती का, हा प्रश्न जुन्या फियाटवाल्यांत आजही वादाचा आहे.

पण दुसरी बाजूही विसरता येत नाही. गाडीचे भाग इथंच बनू लागल्यामुळं गावोगावी तिचा मिस्त्री तयार झाला. सोलापुरात, निपाणीत, हैदराबादेत, कुठंही बंद पडली तरी बॉनेट उघडून बघणारा कुणीतरी भेटायचाच. खोक्यातून बंद न होता आलेली विद्या म्हणतात ती हीच.

मुंबईत शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज मात्र 1955 पासून वालचंदशेठचं नाव लावतं आहे आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची पोरं तिथं यंत्रं शिकतात. ज्यांच्या दारात अजून एखादी फियाट कपडा टाकून उभी असेल, त्यांनी पुढच्या वेळी चोक ओढताना सोलापूरच्या या माणसाची आठवण जरूर काढावी.