वसतिगृहाची माउली : लक्ष्मीबाई पाटील

कर्मवीर भाऊराव पाटील हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले आहे. त्यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई यांचे स्मरण मात्र आपल्या समाजातही क्वचितच होते.

भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली सातारा येथे सर्व जातिधर्मांच्या गरीब मुलांसाठी वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंना सर्व जातींच्या मुलांचे एकत्र जेवण प्रारंभी रुचणे कठीण होते. परंतु घरापासून दुरावलेली ती लेकरे पाहून त्यांच्यातील मातृत्वाने रूढीवर मात केली. पोटच्या मुलांप्रमाणेच त्यांनी त्या साऱ्यांना मायेची पाखर दिली.

वसतिगृहाच्या खर्चासाठी त्यांच्या अंगावरील दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव परगावी असता धान्य संपले. मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्या साध्वीने गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले.

१९३० साली त्यांचे देहावसान झाले. संस्थेचा पुढील विस्तार व भाऊरावांना १९५९ साली लाभलेले पद्मभूषण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

आम्ही व्यापारी दानाची रक्कम नावासह वहीत मांडतो. या माउलीने आहारदान व ज्ञानदान दोन्ही केले, पण नोंद ठेवली नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या संस्थांच्या स्वयंपाकघरांत राबलेल्या अशा अनाम मातांचेही आपण ऋण मानावे, हेच लक्ष्मीबाईंना खरे अभिवादन ठरेल.