विश्लेषण : मेगावॅट, मेगावॅट-तास आणि कोक म्हणजे काय? विश्वेश्वरय्यांच्या कामातून समजून घ्या

साक्री तालुक्यातील शिवाजीनगरचा सौर प्रकल्प १२५ मेगावॅटचा आहे. बॅटरी प्रकल्पाच्या बातमीत मात्र मेगावॅटसोबत मेगावॅट-तास असा दुसरा आकडाही येतो. पोलादाच्या बातमीत कोक, पिग आयर्न, हरित पोलाद हे शब्द असतात. नोकरी, जमीन आणि वीजबिलाशी संबंध असलेले हे शब्द सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या कारकिर्दीतून सहज उलगडतात. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशात अभियंता दिन म्हणून साजरा होतो. त्यांच्या नोकरीची सुरुवात नाशिक आणि खान्देशात झाली.

खान्देशात त्यांनी काय केले?

कर्नाटकातील मुद्देनहळ्ळीत जन्मलेल्या विश्वेश्वरय्यांचे पितृछत्र लहानपणीच हरपले. शिकवण्या घेत त्यांनी बंगळुरूत बीए केले. पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत पहिले आले. १८८४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता झाले. नाशिकनंतर त्यांची नेमणूक खान्देशात झाली. तेव्हा आजचे धुळे, नंदुरबार आणि जळगाव मिळून एकच जिल्हा होता.

पांझरा खोऱ्यातील दातर्ती येथे त्यांच्याकडे पाइप सायफनचे काम आले. पाटाचे पाणी नदी-नाल्याच्या तळाखालून नळाने नेऊन पलीकडे पुन्हा वर काढणे, म्हणजे असा सायफन. त्याला पंप लागत नाही. अलीकडची पातळी पलीकडच्यापेक्षा उंच असली की पाणी आपोआप चढते. ऐन पावसाळ्यात खोदकामात वाळू भरू लागली, तेव्हा त्यांनी काम पुढे ढकलण्याची परवानगी मागितली. वरिष्ठांना ते रुचले नाही. अखेर त्याच परिस्थितीत त्यांनी सायफन पूर्ण केला.

पुढे पुण्याजवळ खडकवासला येथे त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसवले. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली.

मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांत फरक काय?

१९०९ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरील शिवनसमुद्र येथे १९०२ पासून वीज तयार होऊन कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. यंत्रे होती, पण उन्हाळ्यात नदी आटली की पुरेसे पाणी मिळत नसे. म्हणून वीज आणि सिंचन या दोन्हींसाठी त्यांनी कृष्णराजसागर धरणाचा आग्रह धरला. १९११ मध्ये काम सुरू झाले.

यंत्र एका क्षणी किती जोर लावू शकते, हे मेगावॅट सांगते. साठ्यातून एकूण किती वीज मिळेल, हे मेगावॅट-तास सांगते. १ मेगावॅटने तासभर वीज दिली की १,००० युनिट होतात. समजा एखादी बॅटरी १० मेगावॅट आणि २० मेगावॅट-तासांची आहे. ती पूर्ण जोराने २ तास चालेल. सूर्य मावळल्यावर सौर प्रकल्पाला बॅटरी जे काम देते, तेच काम उन्हाळ्यात शिवनसमुद्रला धरण देणार होते. त्यामुळे बॅटरीच्या बातमीत एकच आकडा असेल, तर माहिती अर्धीच आहे.

कोक, पिग आयर्न आणि पोलाद म्हणजे काय?

१९१२ ते १९१८ या काळात विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण होते. भद्रावतीच्या लोखंड कारखान्याची योजना त्याच काळातली. परिसरात लोहखनिज होते, जंगल होते, पण दगडी कोळसा नव्हता. म्हणून झोतभट्टी लाकडी कोळशावर चालवायचे ठरले.

भट्टीतला कोळसा केवळ जळण नसतो. लोहखनिजात लोखंड ऑक्सिजनशी जोडलेले असते आणि कोळशातला कार्बन तो ऑक्सिजन काढून घेतो. दगडी कोळसा हवाबंद भाजून केलेला कोक इतर कारखान्यांत हेच काम करतो. भट्टीतून निघते ते पिग आयर्न. त्यात साधारण ४ टक्के कार्बन असतो, त्यामुळे ते ठिसूळ असते. बिडाचा तवा आपटला की तडकतो, त्याचेही कारण हेच. कार्बन बराच कमी केला की वाकणारे, ताण सोसणारे पोलाद होते. ऑक्सिजन काढण्याचे काम कार्बनऐवजी स्वच्छ विजेवर तयार केलेल्या हायड्रोजनने केले, तर त्या पोलादाला हरित म्हणतात.

भद्रावतीची भट्टी १९२३ मध्ये पेटली, तेव्हा लोखंडाचे भाव पडले होते. तोटा आणि टीका दोन्ही वाट्याला आले. दिवाणपद सोडलेल्या विश्वेश्वरय्यांना संस्थानने कारखान्याच्या अध्यक्षपदी बोलावले आणि १९२९ पर्यंत त्यांनी तो सांभाळला. कारखान्यात पोलाद मात्र १९३६ मध्ये होऊ लागले. टाटांच्या पोलाद कंपनीच्या संचालक मंडळावरही ते अनेक वर्षे होते.

१९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. वयाची शंभरी ओलांडून एप्रिल १९६२ मध्ये त्यांचे बंगळुरूत निधन झाले.