बर्फाच्या शोधात

मुलांनो, ग्रीनलंड बेटावर काही ठिकाणी बर्फाचा थर तीन किलोमीटर जाड आहे. त्याच्या तळाशी काय असेल, सांगा पाहू? तुम्ही म्हणाल, आणखी बर्फ! पण अनेक ठिकाणी तिथे चक्क पाणी असते. हा थर म्हणजे जणू जाड गोधडीच. पृथ्वीच्या पोटातील उष्णता तिच्याखाली कोंडून राहते. शिवाय वरच्या प्रचंड दाबामुळे तळाचा बर्फ शून्य अंशाच्या थोडे खालीच वितळतो. हे पाणी वाहत वाहत पातळ बर्फाखाली आले, की दाब कमी होतो आणि पाणी पुन्हा गोठून बर्फाला खालून चिकटते. म्हणजे बर्फ खालूनही वाढतो! अंटार्क्टिकावर विमानातून रडारने पाहणी केली, तेव्हा 2011 साली हे स्पष्ट दिसले.

पण विमान आणि रडार नव्हते, तेव्हा बर्फाची जाडी कशी मोजत? त्यासाठी आल्फ्रेड वेगेनर यांची ओळख करून घेऊ या.

वेगेनर यांचा जन्म 1 नोव्हेंबर 1880 रोजी बर्लिन येथे झाला. तुम्ही जगाचा नकाशा उघडा. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका यांचे किनारे एकमेकांत बसतील, असे वाटते ना? पूर्वी ही खंडे एकत्र होती व पुढे दूर सरकली, असे वेगेनर यांनी 1912 साली मांडले. अनेक विद्वानांनी त्यांची थट्टा केली. वेगेनर मात्र डगमगले नाहीत.

1930 साली ते मोठी मोहीम घेऊन ग्रीनलंडला गेले. बर्फावर सुरुंग उडवायचा आणि त्याचा हादरा तळाच्या खडकावर आपटून परत यायला लागणारा वेळ मोजायचा. त्यावरून जाडी कळे.

किनाऱ्यापासून सुमारे 400 किलोमीटर आत, बर्फाच्या मधोमध, त्यांचे दोन सहकारी राहत होते. त्यांच्याकडे हिवाळ्यापुरते सामान नव्हते. ते पोचवायला वेगेनर कुत्र्यांच्या गाड्या घेऊन निघाले. थंडी इतकी वाढली, की बहुतेक सोबती वाटेतूनच परतले. 30 ऑक्टोबरला वेगेनर, लोव्हे आणि ग्रीनलंडचे रासमुस व्हिलुमसेन तिथे पोचले. पण सामान वाटेतच राहिले होते! लोव्हे यांच्या पायाची बोटे हिमदंशाने गेली होती, म्हणून ते तिथेच थांबले. पाच जणांना अन्न पुरणार नव्हते. आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी वेगेनर व्हिलुमसेनसह परत निघाले. दोघेही किनाऱ्याला पोचले नाहीत.

1931 च्या मे महिन्यात बर्फात उभ्या रोवलेल्या स्कीच्या पट्ट्या दिसल्या. तिथे वेगेनर यांचा देह नीट गुंडाळून पुरलेला होता. एकट्या व्हिलुमसेनने ते काम केले होते. व्हिलुमसेनचा मात्र पत्ता लागला नाही.

बर्फात राहिलेले तिघेही वाचले आणि जाडी मोजण्याचे काम पूर्ण झाले. 1960 नंतर खंडे सरकतात हेही जगाने मान्य केले. मुलांनो, वेगेनर यांचे नाव घ्याल, तेव्हा व्हिलुमसेनलाही विसरू नका.