आधी माप, मग मत!

मैत्रिणींनो, ब्लाउज बेतताना आपण आधी माप घेतो, मगच कात्री लावतो. इरावती कर्वे (१९०५-१९७०) संशोधनातही तसंच करायच्या, म्हणून मला त्या आपल्या वाटतात.

बर्लिनला त्यांनी माणसांच्या कवट्या मोजल्या. गोऱ्यांचं श्रेष्ठत्व त्यातून दिसेल, असं गुरूंचं मत. मापांत तसं काही निघेना. बाईंनी प्रबंधात तेच लिहिलं, गुरूंच्या विरोधात जाऊन!

पुढे साताऱ्यातल्या कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी त्यांनी लेक जाई निंबकरांसोबत केली. ती १९६९ मध्ये छापली गेली. इथे टेप काय कामाची? माणसांनाच विचारायला हवं होतं.

कोयनेचं पाणी कृष्णेतून आम्हा सांगलीकरांपर्यंत येतं. त्यापायी कुणाची चूल हलली, याचीही नोंद हवीच ना?