नागपूरच्या मिशनऱ्याला दगडात पानं सापडली, अन् जळून संपलेल्या जंगलांचा माग लागला

सांगली जिल्ह्यातलं कडेगाव म्हणलं की मोहरमच्या गगनचुंबी ताबूतांच्या भेटी आठवतात. पण याच कडेगावात विहीर खणायला घेतली की मातीखाली मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा कातळ. हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहून थिजलेला लाव्हा. डायनासोर संपले तो हाच काळ.

या लाव्हाच्या थरांमध्ये झाडंही अडकलीत, हे महाराष्ट्रात सुरुवातीला दाखवून देणाऱ्यांमध्ये एक नाव येतं. स्टीफन हिस्लॉप. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळं नाव सगळ्यांना माहिती, पण माणूस कोण होता हे फारसं कुणाला माहीत नसतं.

हिस्लॉप यांचा जन्म १८१७ चा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. १८४५ मध्ये ते मिशनरी म्हणून नागपुरात आले. तेव्हा नागपुरावर भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉप यांनी शाळा काढली, भाषा शिकून घेतल्या, गोंड लोकांच्या गाण्या-कथांची टिपणं केली. आणि फिरता फिरता दगड गोळा करायला लागले.

१८५१ च्या सुमारास ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळच्या टाकळीत जीवाश्म सापडले. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये फळं, बिया, लाकडाचे तुकडे आणि गोगलगायींचे शंख होते. म्हणजे लाव्हा एका दमात आला नव्हता. मधे उसंत मिळाली की तळी साचायची, झाडं उगवायची आणि पुन्हा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा.

पण हिस्लॉप यांच्या हाती लागलेला दुसरा ऐवज याहून कितीतरी जुना होता. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या दगडांत जिभेच्या आकाराची पानं मिळाली. ही ग्लॉसोप्टेरिसची पानं. अशीच पानं बंगालच्या दगडी कोळशाच्या पट्ट्यात आणि थेट ऑस्ट्रेलियातही मिळाली होती. नागपूरचे हे थर, छिंदवाड्याकडचा उमरेठचा कोळसा आणि बर्दवानचा कोळसा यांचं नातं हिस्लॉप यांनी १८५५ मध्ये लंडनच्या जिओलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडलं.

आता या झाडांचं झालं काय?

सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी सायबेरियात प्रचंड ज्वालामुखी फुटले. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला, पृथ्वी तापली. समुद्रातल्या बहुतांश प्रजाती संपल्या. जमिनीवर ग्लॉसोप्टेरिसची जंगलं दलदलीत वाढायची. एरवी अशा ओल्या जंगलाला वणव्याची भीती कमी वाटते. पण उष्णता आणि कोरड वाढली तशी दलदलही पेटायला लागली.

याचा पुरावा म्हणजे त्या काळच्या खडकांत सापडणारा लोणारी कोळसा, म्हणजे जळक्या लाकडाचे तुकडे. क्रिस मेझ आणि स्टीफन मॅक्लॉफलिन यांनी २०२२ मध्ये पूर्व गोंडवानातल्या खडकांवर संशोधन प्रसिद्ध केलं. महाविनाशाच्या सुमारास हे तुकडे वाढतात आणि नंतर बराच काळ घटतात, असं त्यांना दिसलं. कारण सोपं आहे. जळायला जंगलच फारसं उरलं नव्हतं.

तोटा दुहेरी होता. दलदल हवेतला कार्बन जमिनीत गाडून ठेवायची. ती जळाली तेव्हा तोच कार्बन परत हवेत गेला आणि गाडणारं कुणी उरलं नाही. ट्रायासिक काळाच्या सुरुवातीला जगात कुठंच दगडी कोळसा तयार झालेला दिसत नाही, तो यामुळंच.

योगायोग म्हणजे या विनाशानंतरच्या काळाची खूणही हिस्लॉप-हंटर जोडीलाच मिळाली होती. आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मांगलीत त्यांना एका उभयचर प्राण्याची कवटी सापडली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं.

यातला महाविनाश, वणवे, सरकणारे खंड, काहीच हिस्लॉप यांना माहीत होणं शक्य नव्हतं. ४ सप्टेंबर १८६३ ला ते रिचर्ड टेंपल यांच्यासोबत टाकळघाटची शिलावर्तुळं बघायला गेले होते. संध्याकाळी घोड्यावरून परतताना पुराच्या पाण्यानं फुगलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. वय होतं अवघं ४५.

गोंडांवरची त्यांची टिपणं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापली. पुढं त्याच गोंडांच्या मुलखावरून त्या जुन्या खडकांना आणि नंतर अख्ख्या प्राचीन महाखंडाला गोंडवाना हे नाव पडलं. १८८३ मध्ये कॉलेज सुरू झालं, त्याला हिस्लॉप यांचं नाव मिळालं.

ग्लॉसोप्टेरिसच्या जंगलांनी गाडून ठेवलेला तो कार्बन आजही नागपूर भागातल्या खाणींतून दगडी कोळसा म्हणून निघतो आणि विदर्भातल्या वीजकेंद्रांत जळतो. तेव्हा दलदल पेटायला ज्वालामुखी लागले होते, यावेळी आपण तो स्वतः खणून काढतोय.