कर्मवीर भाऊराव पाटील : मोठ्या विद्यालयातील लहान कुटुंब

कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म झाला. विद्यार्थिदशेत ते कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत असत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि ते छत्र त्यांना गमवावे लागले. तसेच छत्र, परंतु सर्वांसाठी खुले, उभारणे हेच पुढे त्यांचे जीवितकार्य ठरले.

१९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहास १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीस जेवत व कामे वाटून घेत. त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरील दागिने, अगदी मंगळसूत्रही, दिले.

२४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवडा कारागृहात पुणे करार झाला. त्याच्या स्मरणार्थ भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस काढले. करारातील ऐक्य मुलांच्या नित्य सहवासात उतरावे, हा त्यामागील हेतू होता.

१९४० मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल हे विनामूल्य निवासी विद्यालय निघाले. विद्यालय मोठे झाले, तरी खेड्यातून आलेल्या मुलास वसतिगृहात आपले कुटुंब लाभे. म्हणूनच भाऊराव सर्वांचे अण्णा झाले. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांनी लावलेला ज्ञानवृक्ष आजही बहरत आहे.