पहाटे दोनचा अभ्यास

बालमित्रांनो, घर लहान आहे, गडबड असते, अभ्यासाला वेळच मिळत नाही, असं आपण नेहमी म्हणतो. म्हणून आज मी तुम्हांला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अभ्यासाविषयी सांगणार आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. पुढे मुंबईत परळच्या चाळीत सगळं कुटुंब एका खोलीत राहत असे. चूल, भांडीकुंडी, माणसं, सगळं तिथंच. मग अभ्यास कुठं करायचा? वडील रामजी सुभेदार यांनी युक्ती काढली. ते भीमाला रात्री लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि पहाटे दोनला त्याला उठवून त्याच्या जागेवर झोपत. चाळ निजलेली असताना भीमा दिव्याजवळ वाचत बसे. मला तर वाटतं, जागा वाढवता येईना म्हणून बापलेकांनी वेळच वाटून घेतला! १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

१९१३ साली बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीनच वर्षांची, म्हणून एकेक तास मोलाचा. १९१५ साली ते एम. ए. झाले. नंतर ते लंडनला गेले. पण १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परत यावं लागलं. तरी त्यांनी नाद सोडला नाही. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, काही उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. तिथं ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते सकाळीच जात व बंद होईपर्यंत वाचत. १९२३ साली ते डी. एस्सी. झाले. पुढे तेच आपल्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

मित्रांनो, आपण दोनला उठायची गरज नाही, झोपही हवीच. पण रोजची एक वेळ ठरलेली असावी. मी पहाटे पाच ते सहा गणित करतो. संध्याकाळी गुरं बांधली की अर्धा तास वाचन. आमच्याकडेही एकच खोली आहे, पण पहाटे ती शांत असते.

आलेल्या पालकांना एकच विनंती : रामजी सुभेदारांसारखं आम्हांला वेळेवर उठवा. पुस्तक आम्ही उघडू.